दिवाळीच्या छप्पन्न फेऱ्या

पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें पोहावयास शिकूं नये असें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. तथापि तो तसें शिकूं लागला म्हणजे त्याचे आप्तेष्ट, शेजारी आणि विशेषतः त्याचे जुने विद्यार्थी त्याजकडे ज्या नजरेनें पाहतात, ती पाहिली असतां असा कांहीं नियम कोठें तरी लिहिलेला असावा अशी शंका येते. ही नजर आम्हीं गेलीं दोन वर्षें सोसली आहे. गेल्या दिवाळींत एका सकाळीं जें घडलें, त्यामुळें ती सोसल्याचें सार्थक झालें असें आम्हांस वाटतें. म्हणून ती हकीकत विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या मातापित्यांच्या पुढें ठेवीत आहों.

आम्ही राहतों नांदेडास. गोदावरी आमच्या गांवाला लागूनच वाहते. तेव्हां परगांवच्या मनुष्यास वाटतें कीं, नांदेडचें मूल चालावयास लागण्यापूर्वींच पोहावयास लागत असेल. आमच्या बाबतींत हा तर्क साफ चुकला. वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत आम्हांस पोहतां येत नव्हतें. एवढेंच नव्हे, तर गुडघाभर पाण्याच्या पुढें पाऊल टाकण्याचा धीरहि आम्हांस होत नसे. त्याचें कारण पुढें येईल. बावन्नाव्या वर्षीं आम्हीं पोहण्याच्या तलावावर नांव घातलें आणि सकाळच्या प्रौढांच्या वर्गांत जाऊन बसलों.

या वर्गांत आम्ही दहा जण. दोन डॉक्टर, एक वकील, एक किराणा दुकानदार, एक निवृत्त पोस्टमास्तर, मोटारींच्या सुट्या भागांचें दुकान चालविणारे एक सरदारजी, मुदखेडकडचे दोघे शेतकरी बंधु, मूळचे लातूरचे एक बँकेंतले गृहस्थ आणि दहावे आम्ही, व्यवसायानें मराठीचे शिक्षक. आम्हांस शिकविणारा तरुण अवघा सत्तावीस वर्षांचा. पंधरा वर्षांपूर्वीं तो आमच्याच वर्गांत शेवटच्या बाकावर बसत असे. संधि सोडवितांना तो हटकून अडखळे, आणि आम्ही त्यास सर्वांच्या देखत म्हणत असूं, "अरे, डोकें वापर, डोकें!" तलावांतील पहिल्याच दिवशीं आम्ही मान ताठ ठेवून हातपाय झाडीत होतों आणि दगडासारखे खालीं चाललों होतों. तेव्हां तो कांठावरून अदबीनें म्हणाला, "सर, डोकें वापरूं नका, डोकें पाण्यांत ठेवा." यांत टोमणा होता कीं केवळ शिकवण होती, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं. परंतु मान पाण्याबाहेर उचलली कीं कंबर व पाय खालीं जातात, आणि तोंड पाण्यांत ठेवून हळूहळू श्वास सोडला कीं शरीर आपोआप वर येतें, हें तत्त्व त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें. त्याबरोबर दुसरेंहि एक तत्त्व ध्यानांत आलें. ज्यास एखादी गोष्ट येत नाहीं त्यास ती येत नाहीं हें मोठ्यानें सांगितल्यानें येऊं लागत नाहीं. तेव्हांपासून शेवटच्या बाकाशीं बोलतांना आमचा आवाज उतरला आहे. आतां आम्ही त्यास 'गुरुजी' म्हणतों, तो आम्हांस 'सर' म्हणतो. दोघांचेंहि चाललें आहे.

गेल्या वर्षीं दिवाळी तोंडावर आली तेव्हां गुरुजींनीं एक नवी टूम काढली. नाताळांत म्हटलें जाणारें बारा दिवसांचें एक इंग्रजी गीत आमच्या शाळेंतील मुलांच्या चांगलें परिचयाचें आहे. त्यांत पहिल्या दिवशीं एक भेट, दुसऱ्या दिवशीं दोन आणि पुन्हां पहिली, तिसऱ्या दिवशीं तीन आणि पुन्हां मागील दोन्ही, असा चढत जाणारा हिशेब असतो. परदेशांतील प्रौढ पोहणारे डिसेंबरांत याच हिशेबानें पोहण्याचा सराव करितात. "आपण हाच सराव दिवाळीचा करूं," गुरुजी म्हणाले. गणिताची आवड असलेल्या विद्यार्थ्यांनीं बारा दिवसांची बेरीज करून पाहावी. ती ३६४ भरते, म्हणजे वर्षाच्या दिवसांहून एक कमी. २५ मीटरांच्या तलावांत ३६४ फेऱ्या म्हणजे नऊ किलोमीटरांच्या वर. तेवढें पोहलों असतों तर आमची दिवाळी आटोपली असती. परंतु आपली दिवाळी सहा दिवसांची: वसुबारस, धनत्रयोदशी, नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज. सहा दिवसांची बेरीज छप्पन्न होते. या कांठापासून त्या कांठापर्यंत एक फेरी धरिली तर एकंदर १४०० मीटर झाले. दोन वर्षांपूर्वीं ज्यांस चौदा मीटर जातां येत नव्हतें, त्यांच्या पुढें हा आंकडा ठेवण्यांत आला.

वकीलसाहेबांनीं हरकत घेतली कीं, सणाच्या दिवशीं पोहण्याचे हे चाळे आपल्या वयास शोभत नाहींत. त्यावर गुरुजींनीं पुराव्यांची रास घातली. लंडनच्या हाइड पार्कमधील सर्पेंटाइन तलावांत नाताळच्या सकाळीं १०० यार्डांची शर्यत १८६४ सालापासून होत आली आहे. 'पीटर पॅन'चे कर्ते जे. एम्. बॅरी यांनीं १९०४ सालीं तिला चषक दिला, आणि त्या गारठ्यांत उतरणाऱ्यांत पिकल्या केसांचीं माणसें पुष्कळ असतात. बार्सेलोना शहराच्या बंदरांत अशीच नाताळची शर्यत १९०७ सालीं सुरू झाली. अमेरिकेंत प्रौढांची पहिली राष्ट्रीय जलतरण स्पर्धा १९७० सालीं टेक्सासमधील अमॅरिलो येथें झाली. तिच्यामागें रॅन्सम आर्थर नांवाचे नौदलांतील एक डॉक्टर होते, आणि मोठ्या वयाच्या लोकांनीं व्यायाम सोडूं नये हा त्यांचा हेतु होता. पुढें १९८६ सालीं तोकियो येथें प्रौढांची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

"हीं सारीं परदेशचीं उदाहरणें," वकीलसाहेब म्हणाले.

"मग घरचें घ्या," गुरुजी म्हणाले. सांगली जिल्ह्यांतले मुरलीकांत पेटकर सैन्यांत होते. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचें कमरेखालचें शरीर लुळें पडलें. अंगास व्यायाम व्हावा म्हणून ते पाण्यांत उतरले, आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या ऑलिंपिकांत ५० मीटरांच्या शर्यतींत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. यावर वकीलसाहेबांची हरकत फेटाळली गेली.

नरकचतुर्दशीचा दिवस ठरला. घरीं यावरून थोडा गोंधळ झाला. "पहाटेची पहिली अंघोळ टाकून जायचें कसें?" असें आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, आणि तलावावर तर ताकीद होती कीं, तेल-उटणें लावलेल्या अंगानें कोणीहि पाण्यांत उतरूं नये. शेवटीं पहाटे चार वाजतां उठून अभ्यंगस्नान केलें, पायाच्या अंगठ्यानें कारीट फोडलें, ओवाळून घेतलें, मग साबणानें तेलाचा अंशहि उरूं न देतां पुन्हां अंग धुतलें, आणि सहाच्या आंत तलाव गांठला. ज्या दिवशीं एका स्नानानें नरक चुकतो म्हणतात, त्या दिवशीं आमचीं तीन स्नानें झालीं.

तलावाच्या कांठावर सरदारजींनीं पणत्यांची ओळ मांडून ठेविली होती. फटाक्यांचा धूर अजून हवेंत होता आणि पाणी चांगलेंच गार होतें. गुरुजींनीं प्रत्येक दिवसाची रीत सांगितली. वसुबारसेची एक फेरी गाईच्या चालीनें सावकाश, छातीवर पोहत. धनत्रयोदशीच्या दोन फेऱ्या हातांत फळी धरून केवळ पायांनीं. धन राखावयाचें तर हात आखडता हवा. नरकचतुर्दशीच्या तीन फेऱ्या डोकें पाण्यांत ठेवून, श्वास पाण्यांत सोडीत. लक्ष्मीपूजनाच्या चार फेऱ्या उताणें होऊन, पाणी न उडवितां, कारण लक्ष्मी चंचल आहे. पाडव्याच्या पांच जोरानें हात मारीत. भाऊबीजेच्या सहा फेऱ्यांची रीत त्यांनीं शेवटीं सांगेन म्हणून राखून ठेविली. प्रत्येक आवर्तनांत नवा दिवस आधीं, आणि मागील सारे दिवस त्याच्या मागून.

पहिलीं तीन आवर्तनें थट्टामस्करींत गेलीं. चौथ्यांत बोलणें बंद झालें. पांचव्यांत पोस्टमास्तरांस पोटरींत गोळा आला. ते कांठाशीं येऊन पाय ताणून बसले आणि थोड्या वेळानें आपण होऊन पुन्हां उतरले. पांच आवर्तनें संपलीं तेव्हां पस्तीस फेऱ्या झाल्या होत्या आणि एकवीस उरल्या होत्या. गुरुजींनीं दहा मिनिटें विसावा दिला. आम्ही सारे कांठावर पाय सोडून बसलों आणि फराळाच्या डब्यांकडे पाहूं लागलों. पण फराळ छप्पन्न फेऱ्यांनंतर, असा दंडक होता.

आमच्या शेजारीं लातूरकर बसले होते. ते स्वभावानें मुके, परंतु हिशेबी. बराच वेळ पाण्याकडे पाहून ते म्हणाले, "मास्तर, हा तलाव २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, आणि खोली सरासरी एक मीटर साठ सेंटिमीटर. पाणी किती झालें?" आम्ही मराठीचे शिक्षक, आम्हीं गप्प राहणें पसंत केलें. तेच म्हणाले, "५०० घनमीटर. म्हणजे पांच लक्ष लिटर. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून लातुरास पाण्याची पहिली आगगाडी आली, तिला दहा टाक्या होत्या. दर टाकींत पन्नास हजार लिटर. तेंहि पांच लक्षच. सारें लातूर शहर त्या गाडीची वाट पाहत होतें. त्या उन्हाळ्यांत आम्ही रात्रीं घागरींच्या रांगेंत झोपलों आहों. दोन वर्षें मी येथें पोहतों आहें, पण पाण्यांत पाय घालतांना रोज मनांत येतें कीं, मी त्या गाडींत उडी टाकीत आहें."

यावर काय बोलावें हें आम्हांस सुचेना. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, तलावांतील पाणी रोज बदलीत नाहींत, तेंच गाळून पुन्हां वापरतात. आणि टंचाई पडली तर आधीं हा तलाव बंद व्हावा हेंच योग्य. "तें मला मान्यच आहे," ते म्हणाले. "पण मी शिकावयास आलों तो या दुष्काळामुळेंच." आणि मग जें त्यांनीं सांगितलें तें पालकांनीं विशेष लक्ष देऊन वाचावें.

ज्या २०१६ सालीं लातुरास आगगाडीनें पाणी आलें, त्याच सालीं सरकारनें 'मागेल त्याला शेततळें' ही योजना सुरू केली. लातूरकरांच्या पुतण्यानें शेतांत तळें खोदलें. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, म्हणजे जवळजवळ दोन पुरुष पाणी. पाणी मुरूं नये म्हणून तळाशीं व उतारांवर प्लास्टिकचा जाड कागद अंथरला. त्या तळ्यानें पुतण्याची बाग जगली. परंतु त्या कागदावर शेवाळ धरतें आणि तो इतका निसरडा होतो कीं, पाय घसरून आंत गेलेल्या मनुष्यास उतारावर हाताला धरावयास कांहीं मिळत नाहीं. विहिरीला पायऱ्या असतात, नदीला घाट असतो. या तळ्याला दोन्ही नाहींत. मराठवाड्यांतील आमच्या आधींच्या पिढ्या विहिरींत पाठीला सुका भोपळा नाहींतर रिकामा डबा बांधून पोहावयास शिकल्या. मागाहून विहिरी आटल्या, मुटके मारणें बंद झालें, आणि पोहतां न येणारी एक सबंध पिढी वाढली. त्या पिढीच्या दारांत आतां दोन पुरुष पाणी येऊन उभें राहिलें आहे. "पुतण्याला पोहतां येत नाहीं, त्याच्या मुलांना येत नाहीं, मला येत नव्हतें," लातूरकर म्हणाले. "पाण्याची रांग लावण्यांत आमची हयात गेली. पाण्याशीं ओळख अशी कधीं झालीच नाहीं. म्हटलें, घरांत एकानें तरी ती करून घ्यावी." मग त्यांनीं आमच्याकडे वळून विचारलें, "मास्तर, तुम्ही तर गोदेच्या कांठचे. तुम्ही कां शिकलां नाहीं?"

हा प्रश्न पूर्वींहि अनेकांनीं केला होता आणि आम्हीं तो हंसून टाळला होता. त्या दिवशीं मात्र टाळवला नाहीं. आम्ही बारा वर्षांचे असतांना दिवाळीच्या सुटींत वर्गांतल्या तिघा मित्रांसह नदीवर गेलों होतों. आमच्यापैकीं एकाचा पाय घाटाच्या शेवटच्या पायरीवरून निसटला. तो आरडाओरड करील असें आम्हांस वाटलें. त्यानें ती केली नाहीं. बुडणारा मनुष्य ओरडत नाहीं, त्याला श्वासच पुरत नाहीं, हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. तो मुकाट्यानें हात खालींवर करीत होता आणि आमच्याकडे पाहत होता. आम्ही काठ्यांसारखे उभे होतों. तो आमच्यापासून वावभरहि लांब नव्हता, आणि आमच्या खांद्यावर अंग पुसण्याचा पंचा होता. तो पंचा फेकावा हें आम्हांस सुचलें नाहीं. माणसें धांवून येईपर्यंत सारें संपलें होतें. त्याच्या आईनें आम्हांस कधीं एक शब्दहि विचारला नाहीं. पुढें चाळीस वर्षें आम्ही पाण्यापासून दूर राहिलों आणि त्यास आम्ही सावधपणा असें नांव दिलें होतें.

लातूरकरांनीं आमचें सांत्वन केलें नाहीं, हें त्यांचे आमच्यावर उपकार आहेत. ते फक्त म्हणाले, "चला. भाऊबीज राहिली आहे."

भाऊबीजेची रीत अशी होती. दोघादोघांच्या जोड्या करावयाच्या. एकानें थकलेला मनुष्य व्हावयाचें आणि उताणें तरंगत राहावयाचें. दुसऱ्यानें त्याच्या हातीं फळीचें एक टोंक द्यावयाचें, दुसरें टोंक स्वतः धरावयाचें, आणि त्यास पलीकडच्या कांठास ओढून न्यावयाचें. प्रत्येक फेरीला अदलाबदल. गुरुजींनीं बजावून सांगितलें, "बुडणाऱ्याच्या हातीं स्वतःचा हात कधीं देऊं नका. तो गळ्यास मिठी मारतो आणि दोघेहि जातात. मध्यें कांहीं तरी वस्तु हवी. फळी, दोरी, धोतर, ओढणी, झांकण लावलेला रिकामा कॅन, जें असेल तें. आणि कांठावरून देतां आलें तर पाण्यांत उतरूंच नका." भाऊबीजेचें दुसरें नांव यमद्वितीया. यमानें आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरीं जाऊन जेवावें, आणि त्या दिवशीं मनुष्याची यमापासून सुटका व्हावी, अशी आपली जुनी समजूत. यमुना ही नदीच. तिच्याच अंगणांत एकानें दुसऱ्याला यमाकडून परत आणावयाचें, असा तो खेळ होता.

आमची जोडी लातूरकरांशीं लागली. पहिल्या फेरींत आम्ही थकलेला मनुष्य झालों. कान पाण्याखालीं गेले, जगाचा आवाज बंद झाला, वर उजाडत असलेलें आकाश दिसूं लागलें, आणि फळीच्या टोंकाशीं लागलेली ओढ तेवढी कळत राहिली. दुसऱ्या फेरींत आम्हीं त्यांस ओढलें. आमचा दम निम्म्यावरच संपला. पाय जड झाले. एकदां नाकातोंडांत पाणीहि गेलें. परंतु मागें वळून पाहिलें तों लातूरकर डोळे मिटून निर्धास्त पडले होते. ज्यानें लिटरालिटराचा हिशेब केला होता, त्यानें आपला सारा भार आमच्यासारख्या नवशिक्यावर टाकला होता. आम्ही त्यांस पलीकडे नेलें. त्या कांठास हात लागला तेव्हां आम्हांस जें वाटलें तें लिहितां येण्याजोगें नाहीं. एवढें सांगूं कीं, चाळीस वर्षांत त्या पायरीची आठवण येऊन आम्ही प्रथमच त्या मित्राचें नांव मोठ्यानें उच्चारलें. पाण्यांतल्या गलबल्यांत तें कोणास ऐकूं गेलें नाहीं.

भाऊबीजेच्या सहा फेऱ्यांमागून पाडव्याच्या पांच, मग चार, तीन, दोन, आणि शेवटीं वसुबारसेची एक सावकाश फेरी झाली. दहापैकीं आठ जणांच्या छप्पन्न पुऱ्या झाल्या. पोस्टमास्तर अठ्ठेचाळिसांवर थांबले, आणि धाकट्या शेतकरी बंधूनें पन्नासावी मोजण्यांत घोळ केला. चकलीच्या वांटणींत मात्र सर्वांचा हिशेब बरोबर निघाला.

आतां दोन शब्द उपदेशाचे. शिक्षकास ते टाळतां येत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें ३ लक्ष मनुष्यें बुडून मेलीं, आणि त्यांत मुलें पुष्कळ. संयुक्त राष्ट्रसंघानें त्याच वर्षीं २५ जुलै हा दिवस बुडून होणारे मृत्यु टाळण्यासाठीं म्हणून ठरविला. विद्यार्थ्यांनीं जाणत्या मनुष्याच्या देखरेखीखालीं पोहावयास शिकावें, आणि पोहतां येऊं लागलें म्हणून अनोळखी पाण्यांत उडी टाकूं नये. पालकांनीं 'आतां आमचें वय गेलें' ही सबब सोडावी; वय गेलेला मनुष्य सावकाश शिकतो, पण विसरत नाहीं. आणि ज्यांच्या शेतांत तळें आहे त्यांनीं, पोहतां येवो वा न येवो, दोन कामें अवश्य करावीं. तळ्यास कुंपण घालावें. आणि चारी बाजूंस खुंट ठोकून हात-हात अंतरावर गांठी मारलेली जाड दोरी उतारावरून पाण्यापर्यंत सोडून ठेवावी, जवळ मोटारीची हवा भरलेली ट्यूब असूं द्यावी. लातूरकरांनीं पाडव्याच्या दिवशीं पुतण्याच्या तळ्यावर अशा चार दोऱ्या स्वतः बांधल्या. त्यांच्या गांठी बांधावयास आम्हीहि गेलों होतों.

येत्या दिवाळींत छप्पन्न फेऱ्या पुन्हां होणार आहेत. या अंकाच्या वाचकांपैकीं ज्या वडीलधाऱ्यांस यावेसें वाटेल त्यांनीं अवश्य यावें. ज्यांस पोहतां येत नाहीं त्यांनींहि यावें. त्यांच्यासाठीं कांठावर उभें राहून दोरी फेकण्याचा सराव ठेविला आहे, आणि तो शिकविण्याचें काम गुरुजींनीं आमच्याकडे दिलें आहे.